एनएफडी चालू आहे, तरी नोडवर हार्डवेअरची लेबलं येत नाहीत (किंवा येऊन जातात): काय काय बघायचं

हा प्रॉब्लेम आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी कोणीतरी नवीन असल्यासारखा घेऊन येतं आणि दरवेळी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा लिहूनच टाकतोय. विषय कुबरनेटीसचा आहे (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी सिस्टिम; तिथे एका मशीनला नोड म्हणतात आणि चालणाऱ्या कंटेनरच्या गटाला पॉड), त्यातला नोड फीचर डिस्कव्हरी म्हणजे एनएफडी, जो नोडचं हार्डवेअर ओळखून नोडवर तशी लेबलं लावतो. कमांड आणि कॉन्फिगच्या की इथे बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर काय टाकायचं ते तुम्हाला कळेलच.

लक्षणं

- पॉड पेंडिंगमध्ये बसलाय. डिस्क्राइब केलं तर शेड्युलर (पॉड कुठल्या नोडवर ठेवायचा ते ठरवणारा) म्हणतो एकही नोड पॉडच्या अफिनिटी किंवा सिलेक्टरला, म्हणजे पॉडने मागितलेल्या लेबलांना, मॅच होत नाही. आणि जीपीयू तर मशीनमध्ये ठोकून बसवलेला आहे.
- कालपर्यंत चालत होतं, काहीच बदललं नाही (असं सगळेच म्हणतात), फक्त पॅचिंगसाठी नोड ड्रेन (पॉड काढून रिकामा) केला आणि पॉड परत चढेचना.
- जुन्या नोडवर लेबल आहे, नवीन आलेल्या नोडवर नाही.
- लेबल येतं, जातं, परत येतं.
- कार्ड काढून महिना झाला तरी लेबल तिथेच.
- पॉड नोडवर चढतो पण लगेच मरतो, एक्झिट कोड १३२. हे उलट्या बाजूचं लक्षण आहे, त्यावर पुढे बोलू.

दुसऱ्या लक्षणावर लोक फार वेळ घालवतात. शेड्युलर लेबल फक्त पॉड ठेवताना बघतो, एकदा पॉड चालू झाला की नोडवरून लेबल उडालं तरी तो पॉडला हात लावत नाही. त्यामुळे लेबल कदाचित तीन आठवड्यांपूर्वीच गेलेलं असतं आणि पॉड निवांत चालू असतो, ड्रेन केल्यावर उघडं पडतं. म्हणून "काल रात्री काय बदललं" असं विचारत बसू नका, मागचे हेल्म (कुबरनेटीसवर पॅकेज बसवायचं टूल) अपग्रेड बघा.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो, लेबल हाताने चिकटवू नका. क्यूबसीटीएल लेबल नोड करून पाच सेकंदात पॉड चालू होतो हे खरंय, मॅनेजर पण खुश होतो. पण पुढचा नोड बदलला की तेच परत. वर ते लेबल एनएफडीच्या हिशोबात नसतं, म्हणून कार्ड मेलं तरी लेबल तसंच राहतं आणि पॉड मेलेल्या कार्डाच्या नोडवर जाऊन आपटत राहतो. एव्हीएक्स-५१२ (प्रोसेसरच्या खास इन्स्ट्रक्शनचा संच) चं लेबल कोणी हाताने लावलं आणि प्रोसेसरमध्ये ते नसलंच, तर प्रोग्राम इल्लीगल इन्स्ट्रक्शन खाऊन मरतो, म्हणजे सिग्नल ४, म्हणजे १२८ अधिक ४, तोच तो १३२. असा कोड दिसला की आधी विचारा लेबल कोणी लावलं.

लेबल येतं कुठून

प्रत्येक नोडवर एनएफडीचा वर्कर असतो, डेमनसेट म्हणून. तो मशीनचं सिसएफएस, सीपीयूआयडी वगैरे (कर्नल आणि प्रोसेसर स्वतःबद्दल जी माहिती देतात ती) वाचतो, डिफॉल्टने दर ६० सेकंदांनी. जे सापडलं ते नोडफीचर नावाच्या कस्टम ऑब्जेक्टमध्ये लिहितो. मास्टर ते ऑब्जेक्ट वाचतो आणि नोडवर फीचर डॉट नोड डॉट कुबरनेटीस डॉट आयओ या प्रीफिक्सने लेबल लावतो. (फार जुन्या वर्जनमध्ये वर्कर थेट जीआरपीसीने मास्टरशी बोलायचा, ०.१४ पासून नोडफीचरचा रस्ता डिफॉल्ट झाला.) मशीन, वर्कर, नोडफीचर, मास्टर, नोड. माल यातल्या कुठल्या नाक्यावर अडलाय एवढंच शोधायचंय, बाकी सगळा तपशील.

१. स्पेलिंग. हसू नका.

सर्वात स्वस्त चेक, आणि निम्म्या वेळा इथेच संपतं. नोडची सगळी लेबलं काढा, पॉडचा नोड सिलेक्टर शेजारी ठेवा, अक्षर न् अक्षर ताडून बघा. सिलेक्टरला साधारण जुळून चालत नाही, कॅपिटल-स्मॉल पण धरतं.

यातला खरा सापळा एनव्हीडियाच्या कार्डांचा. एनएफडी डिफॉल्टने पीसीआय लेबलात क्लास (कार्डाच्या प्रकाराचा कोड) आणि व्हेंडर (कंपनीचा कोड) दोन्ही घालतं, म्हणजे "पीसीआय-०३०२_१०डीई डॉट प्रेझेंट". पण एनव्हीडियाच्या जीपीयू ऑपरेटरबरोबर (क्लस्टरमध्ये जीपीयूचे ड्रायव्हर वगैरे बसवणारं सॉफ्टवेअर) जो एनएफडी येतो त्याच्या कॉन्फिगमध्ये फक्त व्हेंडर ठेवलेला असतो, तिथे लेबल होतं "पीसीआय-१०डीई डॉट प्रेझेंट". कार्ड तेच, नावं दोन. कोणी ऑपरेटरचा एनएफडी बंद करून आपला स्वतंत्र लावला की ऑपरेटर स्वतः दोन्ही नावं ओळखतो म्हणून त्याचं काही बिघडत नाही, पण तुमच्या टीमने लिहिलेले सगळे सिलेक्टर एका झटक्यात आंधळे होतात. अजून एक, ०३०२ म्हणजे थ्रीडी कंट्रोलर, टी४ किंवा ए१०० सारखी डेटा सेंटरची कार्डं त्यात येतात, आणि ज्यांना डिस्प्ले जोडता येतो ती जीफोर्स वगैरे ०३०० मध्ये. म्हणजे लॅबमधल्या जीफोर्सवर टेस्ट केलेला सिलेक्टर प्रॉडक्शनच्या ए१०० वर चालणार नाही.

यामलमध्ये (पॉडचं वर्णन लिहितो ती फाइल) ट्रू अवतरण चिन्हात आहे ना तेही बघून घ्या, लेबलची व्हॅल्यू स्ट्रिंग असते. हे चुकलं तर अप्लाय करतानाच ओरडतं, त्यामुळे निदान लपून तरी राहत नाही.

२. त्या नोडवर वर्कर आहे का?

वर्करचे पॉड नोडच्या नावासकट लिस्ट करा आणि आपला नोड त्यात शोधा. नसेल तर टेंट बघा. जीपीयू नोडवर आपण मुद्दाम टेंट लावतो की बाकीचे फुकटे पॉड चढू नयेत, आणि सगळ्यात पहिला बाहेर कोण राहतो तर हा नोड जीपीयूचा आहे हे सांगणारा वर्करच! हेल्म चार्टमध्ये वर्करची टॉलरेशनची (टेंट असूनही चढायची परवानगी) लिस्ट डिफॉल्टने रिकामी असते. त्यात तुमच्या टेंटची की टाका, ऑपरेटर एक्झिस्ट्स ठेवा, झालं. नवीन नोडवरच लेबल नाही या तक्रारीत पहिला संशय यावरच घ्या, कारण नवीन नोडपूल काढताना कोणीतरी नवीन टेंट लावलेला असतो आणि एनएफडीची व्हॅल्यूज फाइल कुणाच्या लक्षातही नसते.

वर्कर आहे पण नोड नुकताच उठलाय, तर दोन मिनिटं थांबा. ड्रायव्हरचं मॉड्यूल उशिरा लोड झालं आणि तुमचा लेबल लावायचा रूल (चेक ४) लोडेड मॉड्यूलवर असला तर लेबल वर्करच्या पुढच्या फेरीत येणार, त्यात बिघाड काही नाही.

३. नोडफीचर उघडून बघा

मला विचाराल तर याच चेकसाठी ही पोस्ट लिहितोय. लोक थेट मास्टरच्या लॉगमध्ये घुसतात आणि तासभर वाचत बसतात, त्याआधी हे करा. एनएफडीच्या नेमस्पेसमध्ये नोडच्या नावाचं नोडफीचर ऑब्जेक्ट असतं, ते यामलमध्ये काढा. त्यात स्पेकखाली दोन भाग आहेत, फीचर्स आणि लेबल्स. फीचर्स म्हणजे वर्करला मशीनमध्ये जे जे दिसलं ते कच्चं, लेबल्स म्हणजे त्यातलं जे लावायला हवं असं त्याने ठरवलं ते.

लेबल्समध्ये आहे पण नोडवर नाही, तर मास्टरकडे जा (चेक ५). फीचर्समध्ये आहे पण लेबल्समध्ये नाही, तर वर्करचा कॉन्फिग (चेक ४). फीचर्समध्येसुद्धा नाही, तर कुबरनेटीसला सोडा, मशीनकडे जा (चेक ७). ऑब्जेक्टच नाही, तर वर्करचा लॉग बघा, बहुतेक वेळा फॉरबिडन दिसेल म्हणजे आरबॅकची परवानगी नाही, नाहीतर सीआरडीच (कस्टम ऑब्जेक्टची व्याख्या) बसलेली नाही. हेल्म अपग्रेड करताना सीआरडीज फोल्डरमधल्या सीआरडी अपग्रेड होत नाहीत, ही हेल्मची जुनी सवय आहे, त्या आधी हाताने अप्लाय कराव्या लागतात.

४. वर्करचा कॉन्फिग

पीसीआयसाठी डिफॉल्ट व्हाइटलिस्टमध्ये तीनच गोष्टी आहेत: ०३ म्हणजे डिस्प्ले, ०बी४० म्हणजे कोप्रोसेसर आणि १२ म्हणजे प्रोसेसिंग ॲक्सिलरेटर. नेटवर्क कार्डाचा क्लास ०२, तो यात नाही. म्हणून मेलानॉक्सचं कार्ड, व्हेंडर १५बी३, एलएसपीसीआयमध्ये (मशीनमधल्या पीसीआय कार्डांची यादी देणारी कमांड) दिसतं, नोडफीचरच्या फीचर्समध्ये दिसतं, आणि लेबल कधीच येत नाही. काही बिघडलेलं नसतं, फक्त सांगितलेलं नसतं.

मग लोक काय करतात, व्हाइटलिस्टमध्ये ०२ लिहितात. आणि दुसऱ्या दिवशी जीपीयूवाले ओरडत येतात! कारण तुम्ही लिहिलेली लिस्ट डिफॉल्टमध्ये मिळवली जात नाही, डिफॉल्टच्या जागी बसते. ०२ हवा असेल तर ०३, ०बी४० आणि १२ पण परत लिहायचे.

सीपीयूच्या बाबतीत उलटं, तिथे ब्लॅकलिस्ट आहे. बीएमआय१, बीएमआय२, एसएसई४२, पॉपसीएनटी अशी जी फीचर्स हल्ली सगळ्याच प्रोसेसरवर असतात त्यांची लेबलं डिफॉल्टने दाबलेली असतात, नोडवर कचरा नको म्हणून. कोणाला बीएमआय२ चं लेबल हवंच असेल तर ब्लॅकलिस्ट बदलता येते. व्हाइटलिस्ट दिली तर मात्र ती ब्लॅकलिस्टच्या वरचढ ठरते आणि तिच्यात नाही ते सगळं जातं, एव्हीएक्ससकट.

आता कॉन्फिग बरोबर लिहिला आणि तरी काही फरक नाही, असं असेल तर कॉन्फिगमॅप उघडा आणि हॅशच्या खुणा बघा. सोबत येणारी फाइल पूर्ण कॉमेंट केलेली असते. लोक नेमकी आपल्याला हवी ती ओळ अनकॉमेंट करतात, डिव्हाइस-क्लास-व्हाइटलिस्टची, आणि तिच्या वरची पीसीआय आणि त्याच्या वरची सोर्सेस या दोन ओळी तशाच हॅशमध्ये राहतात. मग ती व्हाइटलिस्ट फाइलमध्ये लोंबकळत असते, कुणाच्याच मालकीची नाही. तिन्ही ओळी उघड्या हव्यात आणि इंडेंट पायरीपायरीने हवा. बदल केल्यावर डेमनसेट रोलआउट रीस्टार्ट करा, आपोआप उचलेल याची वाट बघत बसू नका.

माझं मत विचाराल तर कॉन्फिगला हातच लावू नका, नोडफीचररूल लिहा. व्हाइटलिस्ट-ब्लॅकलिस्ट फक्त लेबल छापण्यापुरती असते, फीचर्समध्ये सगळी पीसीआय उपकरणं येतातच, आणि रूल तिथून वाचतो. रूलमध्ये सांगायचं: फीचर पीसीआय डॉट डिव्हाइस, व्हेंडर १५बी३ असेल आणि क्लास ०२०० किंवा ०२०७ असेल तर अमुक नावाचं लेबल लाव. नाव तुमच्या कंपनीच्या डोमेनच्या प्रीफिक्सने ठेवा. फायदा असा की सगळे सिलेक्टर तुम्ही ठरवलेल्या नावावर राहतात, उद्या एनएफडी ऑपरेटरबरोबरचा आला काय आणि स्वतंत्र आला काय, चेक १ मधला घोळच संपतो.

५. मास्टर

इथे चार कारणं वारंवार दिसतात.

पहिलं, लेबलचा नेमस्पेस म्हणजे प्रीफिक्स. कुबरनेटीस डॉट आयओच्या खाली काहीही लावायला गेलात तर मास्टर ते गाळून टाकतो, अपवाद फक्त फीचर डॉट नोड आणि प्रोफाइल डॉट नोड या दोन शाखांचा. काहींना नोड-रोल छापाचं लेबल एनएफडीकडून लावून घ्यायचं असतं, ते होणार नाही.

दुसरं, लेबल-व्हाइटलिस्टचा रेगेक्स (नाव जुळवायचा पॅटर्न). तो लेबलच्या स्लॅशनंतरच्या भागावरच लावला जातो. कोणी हौसेने पूर्ण प्रीफिक्ससकट रेगेक्स लिहिला की काहीच मॅच होत नाही आणि सगळीच्या सगळी लेबलं गायब. सगळं एकदम गेलं असेल तर आधी हे बघा.

तिसरं, दोन एनएफडी. येणारं-जाणारं लेबल म्हणजे जवळजवळ नक्की हेच. प्लॅटफॉर्म टीमने एक लावलेला असतो, नंतर कोणीतरी जीपीयू ऑपरेटर टाकतं आणि तो आपला एनएफडी घेऊन येतो कारण त्याच्या चार्टमध्ये ते डिफॉल्टने चालू आहे. मास्टर आपण लावलेल्या लेबलांची यादी नोडच्या ॲनोटेशनमध्ये ठेवतो, फीचर-लेबल्स नावाने, आणि जे यादीत आहे पण आता लागू नाही ते काढतो. दोन मास्टर वेगवेगळ्या कॉन्फिगने त्याच यादीवर लिहायला लागले की एक लावतो, दुसरा काढतो. सगळ्या नेमस्पेसमध्ये मास्टर शोधा. दोन सापडले तर एक बंद करा, ऑपरेटरच्या व्हॅल्यूजमध्ये एनएफडी एनेबल्ड फॉल्स करून. पण बंद करण्याआधी दोन्हींचे कॉन्फिग ताडून घ्या.

चौथं, कोणीतरी लेबल हाताने उडवलं. मास्टर नोडफीचर बदललं की जागा होतो, नोडवर कोणी खोडाखोड केली म्हणून लगेच धावेलच असं नाही. पूर्ण फेरा डिफॉल्टने तासाने होतो. घाई असेल तर मास्टर रीस्टार्ट करा.

कार्ड काढूनही राहिलेलं लेबल ही याचीच दुसरी बाजू. ॲनोटेशनच्या यादीत ते लेबल नसेल तर एनएफडी त्याला आपलं मानत नाही आणि काढत नाही. हाताने लावलेलं, किंवा जुना एनएफडी नीट न काढता मागे राहिलेलं. पूर्ण साफसफाईसाठी मास्टरला प्रून ऑप्शन आहे, तो जॉब म्हणून चालवतात. लक्षात घ्या, तो सगळ्या नोडवरची एनएफडीची सगळी लेबलं आणि ॲनोटेशन काढतो, भर दिवसा चालवायची गोष्ट नाही.

६. स्वतःच्या स्क्रिप्टने येणारी लेबलं

एटीसीखालच्या कुबरनेटीसच्या फोल्डरमध्ये नोड-फीचर-डिस्कव्हरी, त्यात फीचर्स डॉट डी, तिथे साधी की-व्हॅल्यूची टेक्स्ट फाइल ठेवली की वर्कर उचलतो. पूर्वी सोर्स डॉट डी मध्ये हुक म्हणजे चालणारी स्क्रिप्ट ठेवता यायची, ती आधी डिफॉल्टने बंद झाली आणि नंतर काढूनच टाकली. अपग्रेडनंतर घरगुती लेबलंच गेली असतील तर स्क्रिप्ट अजून सोर्स डॉट डी मध्ये पडलीय का बघा. ती क्रॉनने किंवा सिस्टमडीच्या टायमरने चालवून आउटपुट फीचर्स डॉट डी मध्ये टाका. लिहिताना आधी टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची फाइल बनवा, मग नाव बदला, कारण टिंबवाल्या फाइली वर्कर वाचत नाही आणि अर्धवट लिहिलेली फाइल वाचली जाण्याचा प्रश्न मिटतो. व्हॅल्यू ६३ अक्षरांच्या आत, स्पेस नको.

७. मशीन

नोडवर जाऊन एलएसपीसीआय आणि एलएससीपीयू. तिथे नाही तर एनएफडी बिचारा काय सांगणार.

नोड व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) असेल तर प्रोसेसरमध्ये असलेलं सगळं गेस्टला दिसतंच असं नाही. केव्हीएमवर जेनेरिक सीपीयू मॉडेल असेल तर एव्हीएक्स झाकलेलं असतं, होस्ट-पासथ्रू लागतं. व्हीएमवेअरवर ईव्हीसी नावाची सोय आहे, वेगवेगळ्या पिढ्यांच्या होस्टमध्ये व्हीएम हलवता यावी म्हणून सगळ्यांना खालच्या पिढीच्या पातळीवर आणतात. व्हर्च्युअलायझेशन टीमने जुना होस्ट क्लस्टरमध्ये घेतला, ईव्हीसी खाली आणलं, व्हीएम बंद करून चालू झाली, आणि एव्हीएक्स-५१२ चं लेबल गेलं. एनएफडी इथे खरंच बोलतोय.

एसआरआयओव्हीचं (एका कार्डाची अनेक व्हर्च्युअल कार्डं करण्याची सोय) तर दर रीबूटला रडगाणं. दोन लेबलं असतात: केपेबल म्हणजे कार्डाला जमतं, कॉन्फिगर्ड म्हणजे व्हर्च्युअल फंक्शन आत्ता बनवलेली आहेत. सिसएफएसमध्ये नमव्हीएफएसला आकडा लिहून बनवलेली फंक्शन रीबूटला टिकत नाहीत, म्हणून कॉन्फिगर्ड जातं आणि केपेबल राहतं. युडेव्ह रूल किंवा सिस्टमडी युनिट करा, नाहीतर एसआरआयओव्ही ऑपरेटरकडे सोपवा.

८. ऑटोस्केलर शून्यावरून उठत नाही

हा सगळ्यात डोकं खाणारा, कारण वरचे सगळे चेक बरोबर येतात. नोडग्रुप शून्यावर आहे, पॉड एनएफडीचं लेबल मागतोय. क्लस्टर ऑटोस्केलर (गरजेप्रमाणे नोड वाढवणारा-कमी करणारा) विचार करतो, या ग्रुपचा नोड आणला तर पॉड बसेल का? त्याच्याकडे फक्त टेम्प्लेट आहे, आणि एनएफडीचं लेबल तर नोड उठल्यावर लागणार. म्हणून तो म्हणतो नाही बसणार, आणि नोड आणतच नाही. एडब्ल्यूएसवर ऑटोस्केलिंग ग्रुपला नोड-टेम्प्लेट-लेबलचा टॅग लावून ते लेबल येणार आहे हे त्याला आधीच सांगता येतं. ते जमत नसेल तर सिलेक्टरमध्ये नोडग्रुपचंच स्थिर लेबल वापरा.

कुठे थांबायचं

एलएसपीसीआयमध्ये कार्ड दिसत नाही, किंवा रेव्ह एफएफ दिसतंय, किंवा कर्नल लॉगमध्ये एनव्हीडियाचा एक्सआयडी ७९ आहे, म्हणजे कार्ड बसवरून पडलंय, तर इथे थांबा. एकदा व्यवस्थित ड्रेन करून पूर्ण पॉवर सायकल करून बघा, परत तेच झालं तर डेटा सेंटर किंवा हार्डवेअर व्हेंडरचं काम आहे, तापमान, पॉवर केबल, रायझर, काहीही असू शकतं. बायॉसमधल्या सेटिंग, एसजीएक्स, आयओएमएमयू, फर्मवेअर, हे प्रॉडक्शन सर्व्हरवर स्वतः करू नका. ईव्हीसी आणि पासथ्रू व्हर्च्युअलायझेशनवाल्यांचं. आणि मास्टरमध्ये टेंट चालू केलेले असतील आणि रूलमध्ये नो-एक्झिक्यूट दिसला, तर क्लस्टर ॲडमिनला विचारल्याशिवाय त्या रूलला हात लावू नका, त्याने चालू पॉड हाकलले जातात, नुसते पेंडिंग राहत नाहीत.

तिकीट टाकताना "जीपीयू चालत नाही" एवढंच लिहू नका, कोणी उघडत पण नाही ते. नोडचं नाव, नोडफीचरचं यामल, एलएसपीसीआयचं आउटपुट संख्यांसकट म्हणजे एन एन ऑप्शन लावून, कर्नल लॉगच्या संबंधित ओळी, आणि नोडच्या लेबलांची यादी, एवढं जोडा. हाताने लेबल लावून ठेवलं असेल तर तेही लिहा, नाहीतर समोरचा माणूस लेबल बघून म्हणेल सगळं ठीक आहे आणि तिकीट बंद करेल.